अठ्ठावीस डॉलरांचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. या म्हणीतले 'पाहावे' हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. ही दोन कामे ऐकून किंवा वाचून समजत नाहीत, ती अंगावर घ्यावी लागतात, असा त्यातला इशारा आहे. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने लग्न केले नाही. घर मात्र त्याने बांधून पाहिले, तेही स्वतःच्या हातांनी. एवढ्यावर न थांबता खिळ्यांपासून खडूपर्यंतचा सगळा खर्च त्याने आपल्या ग्रंथात छापून टाकला. घराच्या जमाखर्चाला वाङ्मयात कायमचे स्थान मिळाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

थोरो म्हटला की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक, अन्यायी सरकारशी असहकार करण्याविषयीचा त्याचा निबंध. गांधीजींनी तो दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला आणि त्यातील भाग १९०७ साली 'इंडियन ओपिनियन'मधून आपल्या वाचकांपुढे ठेवला. दुसरी गोष्ट म्हणजे 'वॉल्डन' हा ग्रंथ. दुर्गाबाई भागवतांनी तो 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणला. या दोहोंमुळे थोरोची एक अरण्यवासी ऋषीची प्रतिमा आपल्या मनात बसली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मला स्वतःला समाधिस्थ थोरोपेक्षा जुन्या विटांवरचा चुना खरवडणारा थोरो अधिक जवळचा वाटतो. म्हणून त्याचे चरित्र त्याच्या घराच्या अंगाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्ड या गावी झाला. वडिलांचा पेन्सिली तयार करण्याचा धंदा होता, आणि संसाराला हातभार म्हणून आई घरात भाडेकरू ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहत असे. घर म्हणजे सदा माणसांचा राबता. १८३७ साली हेन्री हार्वर्डमधून पदवीधर झाला आणि लगेच गावच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. पण मुलांना छडी मारली पाहिजे असा वरून आग्रह झाला, तेव्हा थोड्याच दिवसांत त्याने ती नोकरी सोडून दिली. पुढे थोरला भाऊ जॉन याच्यासह त्याने स्वतःची शाळा चालवली. १८३९ साली दोघा भावांनी आपल्या हाताने एक होडी बांधली आणि काँकर्ड व मेरिमॅक या नद्यांतून सफर केली. त्या दोघांचे मन एकाच मुलीवर जडले, दोघांनी पाळीपाळीने तिला मागणी घातली आणि दोघांनाही नकार मिळाला. तरी भावांमधले प्रेम तुटले नाही.

जानेवारी १८४२ मध्ये मात्र घाला पडला. वस्तरा परजताना जॉनच्या बोटाला जरासे कापले, त्यातून धनुर्वात झाला आणि काही दिवसांतच तो धाकट्या भावाच्या हातांवर गेला. त्या धक्क्याने हेन्रीच्या शरीरातही त्याच रोगाची लक्षणे दिसू लागली, जखम नसताना! तो वाचला, पण त्या नदीवरच्या सफरीचे पुस्तक लिहून भावाचे स्मारक करावे, ही एकच ओढ त्याच्या मनात उरली. पुस्तक लिहायचे तर निवांत वेळ हवा आणि निवांत जागा हवी. भाडेकरूंनी गजबजलेल्या घरात आणि पेन्सिलींच्या कारखान्यात दोन्ही मिळत नव्हते. वॉल्डनकाठच्या घराचे मूळ या गरजेत आहे. वैराग्य वगैरे गोष्टी नंतरच्या.

जागेचा शोध सोपा नव्हता. हॉलोवेल नावाचे एक शेत त्याला फार आवडले होते. सौदा ठरला, आणि खरेदीखत व्हायच्या आत मालकाच्या बायकोचे मन बदलले. सौदा मोडण्याबद्दल मालक १० डॉलर देऊ लागला. थोरोच्या खिशात त्या वेळी होते १० सेंट. पैसेही नको आणि शेतही नको, असे म्हणून तो बाजूला झाला. १८४३ साली न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंड येथे मुलांना शिकवण्याची नोकरी धरून तिथल्या मासिकांत शिरकाव करण्याची खटपट त्याने केली. तीही फसली आणि तो गावी परतला. १८४४ च्या वसंतात नदीकाठी मासे शिजवताना त्याच्या हातून वणवा पेटला आणि ३०० एकरांहून अधिक रान जळून गेले. गावकऱ्यांनी ते कधी पुरते विसरून दिले नाही. पंचविशी उलटलेला, नोकरी नाही, लग्न नाही, छापलेले पुस्तक नाही, वर गावाचे रान जाळणारा, अशी त्याची त्या वेळची ख्याती होती.

पण याच १८४४ साली दोन उपकारक गोष्टी घडल्या. रेल्वे स्थानकाजवळ थोरो कुटुंबाने नवे घर बांधायला घेतले, आणि त्याचे तळघर खणण्यापासून दगड रचण्यापर्यंतची कामे हेन्रीने वडिलांबरोबर केली. घरबांधणीचे त्याचे शिक्षण झाले ते असे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा ज्येष्ठ स्नेही राल्फ वॉल्डो इमर्सन याने वॉल्डन तळ्याच्या काठी काही जमीन विकत घेतली. गावापासून ती जागा दीड मैल दूर. तिथे झोपडे बांधायला इमर्सनने परवानगी दिली, आणि तिथेच त्या तरुणाचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १८४५ च्या अखेरीस थोरो उसनी आणलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकून तळ्याकाठी गेला. ही कुऱ्हाड नेमकी कोणाची, यावर मित्रमंडळींत पुढे बराच काळ वाद चालला. कारण ती आपली होती असे सांगण्यात नंतर भूषण वाटू लागले! आणली त्यापेक्षा अधिक धारदार करून ती परत केली, एवढे थोरोने आवर्जून नोंदवले आहे. उंच, कोवळी पाइनची झाडे तोडून त्याने तुळया तासायला घेतल्या. मुख्य लाकडे चारही बाजूंनी तासून ६ इंच चौरस केली. खांब दोनच बाजूंनी तासले. वासे आणि जमिनीखालची लाकडे एकाच बाजूने तासून बाकीची साल तशीच ठेवली. जिथे गरज तिथेच श्रम, हा त्याचा नियम होता. एकदा कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले. त्याने हिकरीच्या लाकडाची पाचर ठोकली आणि लाकूड फुगावे म्हणून कुऱ्हाड तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. दुपारी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली लोणी-भाकर खाई आणि तेच वर्तमानपत्र वाची. हातांना लागलेल्या डिंकाचा वास त्या भाकरीलाही येत असे.

सांगाडा तयार झाला. आता फळ्या हव्या होत्या. नव्या फळ्या घेण्याची ऐपत नव्हती. जवळच रेल्वेच्या कामावर आलेल्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी विकाऊ होती. थोरो ती पाहायला गेला तेव्हा भोवती पाच-पाच फूट मातीचा ढीग, दारातून आत-बाहेर करणाऱ्या कोंबड्या, आणि आत दिवा धरून दाखवावा लागेल इतका अंधार. त्या अंधारात एक बिछाना, एक तान्हे मूल, सोनेरी चौकटीचा आरसा, रेशमी छत्री आणि कॉफी दळण्याचे यंत्र. सव्वाचार डॉलरला व्यवहार ठरला. पैसे त्याच रात्री द्यायचे, कॉलिन्सने पहाटे पाचला घर सोडायचे आणि थोरोने सहाला ताबा घ्यायचा. सकाळी सहाला वाटेतच त्याची त्या कुटुंबाशी गाठ पडली. सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात मावला होता. राहिली ती फक्त मांजर. ती रानात गेली आणि पुढे सापळ्यात सापडून मेली.

त्याच दिवशी थोरोने झोपडी उतरवली, खिळे उपसले आणि हातगाडीच्या खेपा करून फळ्या तळ्याकाठी नेल्या. उन्हाने वाकलेल्या फळ्या सरळ व्हाव्यात म्हणून गवतावर पसरून ठेवल्या. घर बांधणाऱ्याला येतो तो अनुभव त्याला इथे आला. तो गाडी घेऊन गेला की मागे सीली नावाचा एक शेजारी उपसलेल्या खिळ्यांपैकी सरळ आणि वापरण्याजोगे खिळे निवडून आपल्या खिशात घालत असे. आणि थोरो परत आला की काहीच न घडल्यासारखा उभा राहून गप्पा मारत असे. हे थोरोला एका लहान मुलाने सांगितले. बांधकामावरचे सामान पाय फुटल्यासारखे नाहीसे होते, ही तक्रार आपल्याकडचे घरमालक करतात, तेव्हा मला या सीलीची आठवण होते. देश आणि शतक बदलले तरी खिळ्यांचा स्वभाव बदलत नाही.

उतारावर एका रानटी प्राण्याने बीळ केले होते, त्याच जागी थोरोने ६ फूट लांब-रुंद आणि ७ फूट खोल तळघर खणले. वाळूची जमीन असल्याने ते काम दोन तासांत झाले. मेच्या सुरुवातीला सांगाडा उभा करण्याचा दिवस आला. आपण हे एकट्याने उरकू शकलो असतो, पण शेजारधर्माची संधी मिळावी म्हणून मित्रांना बोलावले, असे त्याचे म्हणणे. ब्रॉन्सन अल्कॉट हा तत्त्वचिंतक, एलरी चॅनिंग हा कवी, एडमंड हॉस्मर हा शेतकरी आणि त्याची मुले, अशा मंडळींनी मिळून तो उभा केला. घर १५ फूट लांब आणि १० फूट रुंद. दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, एका टोकाला दार.

४ जुलै १८४५ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, थोरो तिथे राहायला गेला. घर पुरे झाले म्हणून तो गेला असे मात्र नव्हे. छप्पर पाऊस अडवण्याइतके झाले होते, एवढेच. भिंतीच्या फळ्यांत बोटभर फटी, गिलावा नाही, धुराडे नाही. साऱ्या उन्हाळ्यात त्याने उघड्यावर दगडांच्या चुलीत भाकरी भाजली. पाऊस आला की डोक्यावर एक-दोन फळ्या आडव्या धरायच्या. शेंगांच्या शेतीची खुरपणी संपल्यावर त्याने धुराडे बांधायला घेतले. विटा जुन्या, त्यांना चिकटलेला पन्नास वर्षांचा चुना थापीने ठोकून ठोकून काढावा लागला. दगड आणि वाळू तळ्यावरून अंगावर वाहून आणली. काम इतके सावकाश चाले की सकाळी जमिनीपासून आरंभ करून संध्याकाळी विटांचा थर जेमतेम उशीइतका उंच होई, आणि रात्री तो खरोखरच त्याला उशीचे काम देई. हे सांगताना त्याच्या बोलण्यात चिडचिड दिसत नाही, गंमत दिसते. थंडी अंगाला झोंबू लागली तेव्हा गिलावा सुरू झाला. त्या ओलसर दिवसांत नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याला घर सोडून गावात राहावे लागले. तो ६ डिसेंबरला परतला. मार्चमध्ये घेतलेले काम असे डिसेंबरात पुरे झाले.

आता तो प्रसिद्ध हिशेब. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, आणि त्यातही बहुतेक त्या झोपडीच्याच. छपरासाठी व भिंतींसाठी टाकाऊ लाकडी पत्रे ४ डॉलर. गिलाव्याखालच्या पट्ट्या सव्वा डॉलर. काचेसह दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. हजार जुन्या विटा ४ डॉलर. दोन पिंपे चुना २ डॉलर ४० सेंट, आणि तो महाग पडल्याची टीप. गिलाव्यात मिसळायचे केस ३१ सेंट, आणि ते लागले त्याहून जास्त आणल्याची टीप. चुलीवरची लोखंडी पट्टी १५ सेंट. खिळे ३ डॉलर ९० सेंट. बिजागऱ्या आणि स्क्रू १४ सेंट. दाराची खिटी १० सेंट. खडू १ सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट, कारण बरेचसे सामान पाठीवरून आणले. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट.

हा हिशेब वाचून काटकसरीचे कौतुक करून आपण थांबतो. पण थोरोचा मुद्दा पुढेच आहे. गावातल्या साध्या घराला त्या काळी सुमारे ८०० डॉलर पडत आणि मजुराची रोजची कमाई धरली एक डॉलर. म्हणजे बायकामुलांचा भार नसलेल्या माणसालाही त्या घरासाठी आयुष्याची दहा-पंधरा वर्षे मोजावी लागत. वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी दिलेल्या आयुष्यात असते, हा विचार त्याने अर्थशास्त्राच्या भाषेत न मांडता खिळ्यांच्या भाषेत मांडला. आणि तिथेच त्याने आपल्यासारख्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखवले आहे. हार्वर्डमध्ये त्याच्या घरापेक्षा किंचितच मोठ्या खोलीसाठी विद्यार्थी वर्षाला ३० डॉलर भाडे देत होता. एका वर्षाच्या भाड्यात थोरोचे कायमचे घर झाले, वर पावणेदोन डॉलरहून अधिक उरले! विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाचा पायासुद्धा स्वतः खणावा, नुसते जगण्याविषयी शिकू नये, जगून शिकावे, असे त्याने सुचवले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खोलीचे भाडे देणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हे परिच्छेद बोचल्याशिवाय राहत नाहीत. त्या नोटांमागे घरी कोणाचे किती दिवस खर्ची पडले, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

तरीही या हिशेबात काही रकमा लिहायच्या राहिल्या आहेत, हे सांगितलेच पाहिजे. जमीन इमर्सनची, म्हणून तिचे मोल शून्य. लाकूड, दगड आणि वाळू तिथलीच, म्हणून तीही शून्य. मित्रांची मजुरी शून्य. आईचे घर दीड मैलावर होते आणि तिथे त्याचे जाणे-येणे असे. आणि सर्वांत मोठी न लिहिलेली रक्कम म्हणजे कॉलिन्सचे कुटुंब. ज्या फळ्यांनी थोरोचे घर स्वस्त झाले त्या फळ्यांखाली एक तान्हे मूल झोपत होते. थोरोने ते दृश्य लपवले नाही हा त्याचा प्रामाणिकपणा. पण त्या गाठोड्याचे पुढे काय झाले, हे विचारायला तो थांबला नाही. स्वेच्छेने साधे राहणे आणि नाइलाजाने साधे राहणे यांत फार अंतर आहे. हार्वर्डचा पदवीधर पहिले करू शकत होता. रेल्वेच्या मजुरापुढे दुसरेच होते. थोरोवर प्रेम करूनही हे अंतर आपण विसरता कामा नये, असे मला वाटते.

त्या घराने त्याला काय दिले? त्यात एक पलंग, एक टेबल, एक लिहिण्याचे मेज, तीन खुर्च्या आणि तीन इंचांचा आरसा होता. तिथे तो दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. १८४६ च्या जुलैमध्ये चांभाराकडे दिलेला जोडा आणायला गावात गेला असता थकलेल्या करापायी त्याला अटक झाली. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देणार नाही, या हट्टापायी एक रात्र त्याने तुरुंगात काढली. पण त्या दोन वर्षांतले मुख्य काम वेगळेच होते. भावाच्या स्मृतीचे पुस्तक त्याने तिथे लिहून काढले आणि 'वॉल्डन'चा पहिला खर्डाही तिथेच झाला. ज्यासाठी घर बांधले ते काम झाल्यावर ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ते सोडले. त्यानंतर इमर्सन युरोपच्या दौऱ्यावर गेला असता थोरोने त्याचे घर सांभाळले.

पुढची गोष्ट मला फार हृद्य वाटते. भावाचे ते पुस्तक १८४९ साली निघाले, पण प्रकाशकाने छपाईचा बोजा लेखकावरच टाकला. हजार प्रती काढल्या, खपल्या थोड्या. १८५३ साली उरलेल्या ७०६ प्रती परत आल्या आणि थोरोने त्या स्वतः पाठीवरून माडीवर वाहून नेल्या. आपल्या ग्रंथसंग्रहात आता जवळजवळ ९०० पुस्तके आहेत आणि त्यांतली ७०० हून अधिक आपणच लिहिली आहेत, असा विनोद त्याने स्वतःवरच केला. या पुस्तकापायी त्याला एकंदर २९० डॉलर भरावे लागले. जमिनीची मोजणी करून, पेन्सिली करून त्याने ते फेडले. घरासाठी एका सेंटचेही कर्ज न काढणाऱ्या माणसाने भावाच्या पुस्तकासाठी घराच्या दसपट कर्ज अंगावर घेतले आणि चार वर्षांत निमूट फेडले! थोरो कंजूष नव्हता, हे यावरून कळावे. आयुष्य कशासाठी द्यायचे आणि कशासाठी द्यायचे नाही, हे त्याने ठरवलेले होते.

'वॉल्डन' १८५४ साली प्रसिद्ध झाले. ६ मे १८६२ रोजी, ४४ व्या वर्षी, क्षयाने थोरोचा अंत झाला. तो तळ्याकाठी गेला नाही. कुटुंबाने गावात घेतलेल्या घरी आई आणि बहीण यांच्या सहवासात तो गेला.

आणि ते घर? इमर्सनच्या माळ्याने ते हलवून वाढवायला घेतले आणि काम अर्धवट टाकून तो निघून गेला. १८४९ साली एका शेतकऱ्याने ते आपल्या शेतावर नेले आणि त्यात धान्य साठवले. १८६८ साली ते मोडले. छपराचे डुकरांसाठी खोपटे झाले आणि पुढे उरलेल्या फळ्या गोठ्याच्या डागडुजीला लागल्या. कॉलिन्सच्या झोपडीतून आलेल्या फळ्या अशा पुन्हा कोणाच्या तरी गरजेला गेल्या. घराची नेमकी जागाही लोक विसरले. १८७२ मध्ये अल्कॉट आणि एका पाहुण्या बाईंनी तिथे खूण म्हणून दगड ठेवायला आरंभ केला आणि येणारे-जाणारे त्यावर दगड ठेवत राहिले. १९४५ साली, घर बांधल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, रोलंड रॉबिन्स या हौशी संशोधकाला जमिनीखाली धुराड्याचा पाया सापडला. भिंती, छप्पर, खिडक्या, सारे काही गेले. टिकली ती थोरोने एकेक दगड हातांनी वाहून नेऊन रचलेली बैठक.

आपल्यापैकी पुष्कळांना उद्या घर बांधायचे आहे, निदान एखादी सदनिका घ्यायची आहे. कर्जाचे हप्ते आपल्या आयुष्याची किती वर्षे घेणार हे तेव्हा कोणीतरी कागदावर मांडून दाखवील. थोरोसारखे झोपडे बांधा, असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. इमर्सनची जमीन सगळ्यांना कुठून मिळणार? पण त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला ती वर्षे आपण आणखी कशासाठी राखून ठेवली होती, हेही ज्याने त्याने एकदा स्वतःच्या हाताने लिहावे. थोरोने ते आधी लिहिले आणि मगच कुऱ्हाड उसनी आणली.